ताईच्या लेकीचा स्कॅन

ताईच्या हातचं जेवलेला माणूस तिला विसरत नसे. भाज्याला लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यालगत आमचं माहेरचं घर. त्याच्या ओसरीला पत्र्याची शेड काढून तिनं खानावळ सुरू केली होती. शनिवार-रविवारी मळवली स्टेशनला उतरून लोहगडाकडे निघालेली मुलं सकाळी तिला सांगून जायची आणि दुपारी दमून परतली की पिठलं, भाकरी, ठेचा आणि इंद्रायणीचा वाफाळता भात तयार असायचा. पानात भात टाकून कोणी उठायला लागलं तर ती कमरेवर हात ठेवून समोर उभी राहायची. "लावणीला या एकदा हितं, मग टाका भात," म्हणायची. तो निमूटपणे संपवायचा आणि पुढच्या वेळी मित्रांना घेऊन यायचा.

मी तिच्याहून पाच वर्षांनी लहान. मला ती 'बारके' म्हणायची. मी शिकले, लोणावळ्यात शाळेत शिकवायला लागले, लग्न होऊन कुसगावला राहायला गेले. ताईची शाळा सातवीनंतर सुटली, कारण वडील गेले होते आणि आईबरोबर मजुरीला कोणीतरी जायला हवं होतं. तिचं लग्न झालं तेव्हा दाजीच आमच्या घरी राहायला आले. ते पर्यटकांची जीप चालवत. त्यांना एकच मुलगी, माझी भाची.

वडील रेल्वेत गँगमन होते. मला ते फारसे आठवत नाहीत. त्यांचं डोकं दुखायचं, आई त्यांच्या कपाळाला फडकं आवळून बांधायची आणि आम्हा दोघींना बाहेर पाठवायची, एवढं आठवतं. पुढे त्यांना झटके येऊ लागले. पुण्याला नेलं तेव्हा मेंदूत गाठ निघाली. चाळिशीही न गाठता ते गेले. दोन-तीन वर्षांनी आत्याचा मुलगा गेला, गुडघ्याजवळच्या हाडाच्या कॅन्सरनं. नुकतं मिसरूड फुटत होतं त्याला.

गावात बोललं गेलं ते आईबद्दल. तिचा पायगुण वाईट, ती या घरात आली आणि घर बसलं, असं. आत्या तर तोंडावर म्हणायची. आईनं कधी कुणाला उत्तर दिलं नाही. लग्नकार्यात ती मांडवाच्या कडेला बसायची, नवरीच्या जवळ जायची नाही. आम्हाला वाटायचं तिचा स्वभावच तसा आहे.

ताईला तिशी ओलांडल्यावर छातीत गाठ लागली. ऑपरेशन झालं, केमो झाली, मग किरणं देण्यासाठी कितीतरी आठवडे पुण्याला फेऱ्या झाल्या. केस गेले तेव्हा ती डोक्याला रुमाल बांधून चुलीपुढे बसायची. "धूर लागत न्हाई केसांना, बरंय की," म्हणायची. बरी झाली. केस परत आले, जरा कुरळे आले. खानावळ पुन्हा सुरू झाली. चारेक वर्षं आम्ही ते दुखणं विसरल्यासारखे राहिलो.

मग त्याच बाजूला, जुन्या व्रणाच्या खाली, तिला काहीतरी टणक लागलं. तिनं ते अंगावर काढलं. सुट्ट्यांचे दिवस होते, गिऱ्हाईक खूप होतं. मला कळलं तोवर ती गाठ मुठीएवढी झाली होती.

तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले की हा पहिला कॅन्सर पसरलेला नाही, हा दुसराच आहे, वेगळ्या जातीचा, मांसाचा. आणि मग त्यांनी, आजवर कोणी विचारलं नव्हतं ते विचारलं. घरात आणखी कोणाकोणाला झालाय? ताई सांगत गेली. वडील. आत्याचा मुलगा. वडिलांची एक बहीण होती म्हणे, लहानपणीच पोट फुगून गेलेली. डॉक्टर ऐकता ऐकता थांबले आणि त्यांनी आम्हाला जनुकांच्या आजारांचा विभाग बघणाऱ्या एका बाईंकडे पाठवलं.

त्या डॉक्टरबाई साध्या मराठीत बोलायच्या. ताईचं रक्त तपासून झाल्यावर त्यांनी आम्हा तिघींना, म्हणजे ताईला, मला आणि आईला, समोर बसवलं. आजाराचं नाव दोन परदेशी डॉक्टरांच्या आडनावांचं होतं, ते मला पहिल्यांदा उच्चारताही आलं नाही. बाई म्हणाल्या, "आपल्या शरीरात रोज काही पेशी बिघडतात. त्यांना अडवणारं एक जनुक असतं. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. तुमच्या ताईंची एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली आहे. त्यामुळे त्यांना कुठेही, कधीही गाठ होऊ शकते."

"कुनाकडनं आलं हे?" आईनं विचारलं.

"तुम्ही जे सांगितलंत त्यावरून वडिलांकडून. त्यांच्या घराण्यात आहे ते."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग म्हणाली, "म्हंजी माज्या पायगुणानं न्हाई."

डॉक्टरबाईंना ते कळलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं. त्या खुर्चीवरून उठून आईजवळ येऊन बसल्या. "नाही आजी," त्या म्हणाल्या. "तुमचा काही संबंध नाही."

आई रडली नाही. वीस-पंचवीस वर्षं ती गावाचं बोलणं खरं मानून जगत होती, आणि आम्हा मुलींना त्याचा पत्ता नव्हता. तिची सुटका झाली ती अशा दिवशी की तिला त्याचा आनंदही होऊ शकला नाही, कारण शेजारी लेक बसली होती.

ताईनं एकच प्रश्न विचारला. "मला जी किरणं दिली, ती दिली नसती तर ही दुसरी गाठ झाली असती का?"

बाईंनी तिला फसवलं नाही. "या आजारात किरणं शक्यतो टाळतात. त्यांनी नवी गाठ होण्याचा धोका वाढतो. पण तेव्हा तुमचा आजार कुणाला माहीत नव्हता. किरणांमुळेच झालं असं मी ठामपणे सांगू शकत नाही, आणि त्यामुळे नाहीच झालं असंही नाही सांगू शकत."

ताईनं मान हलवली. परतताना लोकलमध्ये तळेगाव येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "बारके, तुजं रक्त दे. आन् माज्या लेकीचं पन."

दाजी तयार नव्हते. "पोरगी धडधाकट हाय," ते म्हणाले. "डोंगरावर शेरडागत पळती. जे दिसत न्हाई ते कशाला उकरायचं?"

"दिसाय लागंपर्यंत थांबले म्हनून तर मी अशी झाले," ताई म्हणाली. मग दाजींनीच जीप काढून पोरीला रक्त द्यायला नेलं.

निकालाला आम्ही दोघी बहिणीच गेलो. बाईंनी आधी माझा सांगितला. माझ्यात ते नव्हतं. त्यामुळे माझ्या मुलाला तपासायची गरजही नव्हती. मग त्यांनी दुसरा कागद उघडला. भाचीत होतं.

ताईनं माझा हात धरला होता, तो तिनं सोडला नाही. उलट घट्ट धरला आणि म्हणाली, "तू सुटलीस, लय बरं झालं." ती ते मनापासून म्हणत होती. मला मात्र त्या खोलीतून पळून जावंसं वाटलं. एकाच बापाच्या दोघी, एका ताटात जेवलेल्या. तिच्या वाट्याला ते आलं, तिच्या लेकीच्या वाट्याला आलं, आणि मी सुटले. यात माझं कर्तृत्व काही नव्हतं. बाई म्हणाल्या तसं, नाणं कुठल्या बाजूला पडतं तेवढंच. पण ते ऐकून बरं वाटत नाही.

यावर औषध नाही, बाईंनी सांगितलं. करता येण्यासारखं एकच, शोधत राहायचं. दर काही महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी, आणि वर्षातून एकदा डोक्यापासून पायापर्यंत अख्ख्या शरीराचा एमआरआय. कुठे काही उगवत असेल तर ते बारीक असतानाच सापडावं म्हणून.

"त्या मशीनमदी किरणं असत्यात?" ताईनं विचारलं.

"नाही. चुंबक असतं. किरणं अजिबात नाहीत."

"मग करा," ताई म्हणाली.

भाचीच्या पहिल्या स्कॅनला ताई स्वतः आली. औषधांना गाठ दाद देत नव्हती, तिला येववत नव्हतं. दाजींनी जीपमध्ये मागच्या सीटवर गादी टाकून तिला पुण्याला नेलं. भाची तेव्हा नववीत होती. तिला एवढंच सांगितलं होतं की आईला जे झालंय ते तुला होऊ नये म्हणून बघायचं आहे. तिथल्या मुलीनं तिचे कानातले, केसांच्या पिना, हातातलं कडं, सगळं काढून घेतलं आणि दवाखान्याचा गाऊन दिला. आत सोबत एकाला जाता येत होतं. ताईनं मला पाठवलं.

मी कानात बोळे घालून भाचीच्या पायाशी बसले. तिच्या अंगावर गळ्यापासून घोट्यापर्यंत जाड पट्टे ठेवले होते, हातात दाबायला रबरी फुगा दिला होता, भीती वाटली तर दाब म्हणून. मग ती आत सरकली आणि मशीन सुरू झालं. आधी कोणी पत्रा ठोकतंय असा आवाज, मग घरघर, मग लांबलचक भोंगा. मधूनच स्पीकरमधून सूचना यायची, श्वास घ्या, रोखून धरा, सोडा. पलंग थोडा सरकायचा आणि पुन्हा तेच. डोकं, छाती, पोट, मांड्या, पावलं. मला तिच्या पावलांचे तळवे तेवढे दिसत होते. टाचांना भेगा होत्या, अनवाणी हिंडणाऱ्या मुलीच्या असतात तशा. तो तास-सव्वा तास मी कुठल्याच देवाला हाक मारली नाही. फक्त ते तळवे बघत राहिले.

बाहेर आलो तर ताई शाल पांघरून बाकावर बसलेली. "भायेर लय आवाज येत होता गं," ती मला म्हणाली. "घाबरली का ती?"

"मला झोप लागली मधेच," भाची म्हणाली, आणि ताई हसली. त्या वर्षात मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

तो रिपोर्ट स्वच्छ आला. ताईनं तो मला दोनदा वाचायला लावला. इंग्रजी एकेक ओळ वाचायची आणि मराठीत सांगायचं. मेंदूत काही नाही. फुप्फुसात काही नाही. हाडांत काही नाही. ती डोळे मिटून ऐकत होती.

भातकापणीच्या दिवसांत ती गेली. शेवटच्या आठवड्यात मी रजा घेऊन भाज्यालाच राहिले होते. दुपारी आई रानात गेलेली असताना तिनं मला जवळ बोलावलं. आवाज फार खोल गेला होता.

"दरसाल ने तिला," ती म्हणाली. "मोठी झाली की न्हाई म्हनंल. तरी ने."

"नेईन."

"रागं भरू नको तिला. समजून सांग."

भाची आईच्या मातीला रडली नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय, रडवा तिला. माझ्या आईनं कोणाला तिच्या जवळ जाऊ दिलं नाही.

खानावळ दाजींनी थोडे दिवस चालवून पाहिली, पण ती तिच्या हातावर चालत होती. बंद झाली. शेडमध्ये जीप लागायला लागली. अजूनही रविवारी कोणी तरी डोकावून विचारतं, ताई कुठे गेल्या. भाची "बंद झालंय" एवढंच सांगते.

दुसऱ्या वर्षीच्या स्कॅनमध्ये तिच्या खांद्याच्या हाडावर एक डाग दिसला. पुन्हा बोलावलं, पुन्हा मशीन, पुन्हा वाट. तो कबड्डीत पडल्याचा जुना मार निघाला. पण त्या मधल्या दिवसांत आई जेवत नव्हती आणि मी शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता काय लिहीत होते ते विसरत होते. बाईंनी सांगितलं होतं, सगळं अंग बघायचं म्हटलं की असं काही ना काही दिसणार, त्यातलं बहुतेक काही नसतं. ते खरं आहे. पण 'काही नसतं' हे कळेपर्यंतचे दिवस माणसाला जगावे लागतात.

तिसऱ्या वर्षी सगळं ठीक होतं. चौथ्या वर्षी ती नाही म्हणाली. बारावीत होती. सुट्टीत लोहगडावर मुंबई-पुण्याचे ग्रुप घेऊन जायची, सगळ्यांच्या पुढे चढायची, मागे राहिलेल्यांच्या सॅक घ्यायला परत उतरायची. तिला पुढे त्यातच काम करायचं होतं. सह्याद्री पालथा घालून मग हिमालयात जायचं होतं.

"मी आजारी नाही," ती म्हणाली. "वर्षभर मी आजारी नसते. त्या एका दिवशी तुम्ही मला आजारी करता. मग रिपोर्ट येईपर्यंत मला श्वास घेता येत नाही."

"मला कळतं गं."

"नाही कळत, मावशी. तुझ्यात ते नाही."

ताईनं रागावू नको म्हणून सांगितलं होतं, आणि रागवावं असं ती काही चुकीचं बोललीही नव्हती. मी दर रविवारी भाज्याला जायचे, जेवायचे, विषय काढायचे, ती उठून जायची. ठरलेली तारीख गेली, आणखी काही महिने गेले. शेवटी एका संध्याकाळी आई तिच्यापुढे बसली. मी तिथंच होते.

"म्या दोगांना जाताना बगितलंय," आई म्हणाली. "तुज्या आज्याला आन् तुज्या आईला. तिसऱ्यांदा बगायची ताकद न्हाई माज्यात. तू माज्यासाटी जा."

भाची माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मावशी, परीक्षा झाली की जाऊ."

त्या स्कॅनमध्ये सापडलं. उजव्या मांडीत, खूप आत, हाडाला लागून, चिंचोक्याएवढं. हाताला लागत नव्हतं, दुखत नव्हतं. आदल्याच रविवारी ती गड चढून आली होती. सुईनं तुकडा काढून तपासला तेव्हा कळलं, तेच होतं. मांसाचा कॅन्सर, तिच्या आईचा होता त्याच जातीचा.

मी सर्जनना विचारलं, "आम्ही उशिरा आलो. वेळेवर आलो असतो तर?"

"कदाचित तेव्हा दिसलंही नसतं," ते म्हणाले. "एवढं लहान असताना हा आजार आमच्या हाती फार क्वचित येतो."

गाठ निघाली. भोवतीचं निरोगी मांसही बरंच काढावं लागलं, आणि त्याबरोबर एक नस गेली. किरणं दिली नाहीत. जीव वाचला. पाय मात्र पूर्वीसारखा राहिला नाही. गुडघा सरळ रेटता येत नाही, उतारावर तर पाय दगा देतो. हे ऑपरेशनआधी सांगितलं होतं, तिनं ऐकलं होतं, सही केली होती.

ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी तिच्याजवळ बसले होते. सकाळची वेळ, वॉर्डात चहा वाटत होते. ती छताकडे बघत म्हणाली, "मावशी, आईची गाठ केवढी होती?"

मी सांगावं की नाही ते मला कळेना. पण तिला खोटं सांगावंसं वाटेना. मी मूठ वळून दाखवली.

तिनं माझ्या मुठीकडे पाहिलं. मग आपला हात पुढे करून ती मूठ झाकली आणि रडायला लागली. आईच्या मातीला जे रडली नव्हती ते सगळं त्या वेळी बाहेर पडलं. "तिला कोणी घातलं नाही मशीनमध्ये," ती म्हणत होती. "मला घातलं, तिला कोणी घातलं नाही." चहावाली बाई कप ठेवून निघून गेली. मी तिला थोपटत राहिले. मी स्वतः तेच घोकत होते.

भाची आता तळेगावला कॉलेजात जाते. सपाटीवर चाललं तर लंगडणं पटकन लक्षात येत नाही. गडावर ती जात नाही. रविवारी ग्रुप दारावरून जातात तेव्हा ती आत असते, पुस्तक उघडून. दाजी एकदा म्हणाले, जीपनं लोहगडवाडीपर्यंत सोडतो, पायथ्याशी बसून ये. ती म्हणाली, पायथ्याशी बसायला मी काही म्हातारी नाही.

स्कॅनला ती आता नाही म्हणत नाही. तारीख तीच ठरवते, मला फोन करते, आम्ही लोकलनं जातो. कपडे बदलते, आडवी होते, रबरी फुगा हातात घेते. मी बाहेर बसते, तिला आता आत कोणी लागत नाही. आई घरी दारात बसून असते. ती आता लग्नात मांडवाच्या मध्यावर बसू शकते, तिला कोणी काही म्हणत नाही, पण तिला लग्नांना जायचंच नसतं.

यंदाचा स्कॅन परवा झाला. येताना लोकलला गर्दी नव्हती. भाचीनं समोरच्या बाकावर पाय ठेवून तो चोळत विचारलं, "मला मूल झालं तर त्यालाही हे असेल?"

"अर्धी शक्यता," मी म्हणाले. "बाई म्हणतात आता जन्माआधीच तपासून बघता येतं."

"आईला माहीत असतं तर तिनं मला होऊ दिलं असतं?"

गाडी कामशेतला थांबली, दोन बायका टोपल्या घेऊन चढल्या. मी उत्तराचा विचार करत होते. ताईला मी जेवढं ओळखत होते त्यावरून मला उत्तर माहीत होतं असं वाटलं, पण ते माझं उत्तर झालं असतं, तिचं नाही.

"मला नाही सांगता येणार," मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. मळवलीला तिला उतरायचं होतं. मी तिला उठवलं, ती दांडीला धरून सावकाश उतरली आणि फलाटावरून हात केला. रिपोर्ट अजून यायचा आहे.